प्रेमळ परवानगीने

माणूस दुकानात आला की ते आधी त्याची कोपरं बघत. चेहरा नंतर.

चहाचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर कधीच नाही. पायाशी, डावीकडे.

सुईत दोरा ओवताना आपण श्वास रोखतो. ते सोडत.

नवाकोरा शर्ट घालून कुणी आलं तर हवापाण्याच्या गप्पा. शर्ट विरलेला असला तर घरच्यांची चौकशी.

भोकाला भोक म्हणत नसत. कापड उजेडासमोर धरून म्हणत, "इथून पलीकडचं दिसायला लागलंय."

काम पुरं झालं तरी "झालं" म्हणत नसत. कपडा गिऱ्हाइकासमोर पसरत आणि म्हणत, "शोधा." रफू सापडलं तर उसवून पुन्हा करत. माझ्या माहितीत एकदाच सापडलं, एका अंध बाईंना, बोटांनी. त्या दिवशी ते दिवसभर खुशीत होते.

गोष्टीचा शेवट सांगितला तरी विचारत, "मग?"

आणि उजेड गेला की टाका अर्धा असला तरी सुई तिथेच टोचून उठत. "अंदाजाने घातलेला टाका उद्या दात दाखवतो," म्हणत.

मंगळवारी ते गेले. मी 'बघत', 'म्हणत' असं लिहिते आहे. व्याकरण बरोबर आहे. हाताला अजून पटत नाही.

ते रफूगार होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका खोलीचं दुकान, मागे काकूंचं स्वयंपाकघर, आणि दुकानाच्या उत्तरेकडच्या भिंतीला एक खिडकी. सगळे त्यांना रफूकाका म्हणत. गल्लीतले टवाळ दारावरून जाताना "रफूचक्कर" ओरडून पळत. काका मान वर न करता म्हणत, "पळताय तुम्ही. मी इथेच आहे."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती वडिलांचा कोट घेऊन. साहित्यात एम. ए. होऊन चार महिने झाले होते. मुलाखत होती आणि कोटाला कसरीने खाल्लेलं होतं. काकांनी कोट उलटा केला, खालची दुमड उसवली आणि आतून एकेक धागा ओढून काढायला लागले.

"दोरा विकत आणत नाही?" मी विचारलं.

"त्याच कपड्यातला काढायचा. लपलेला भाग असतो, तिथून. बाहेरचा दोरा कितीही भारी असू दे, पहिल्या धुण्यात चुगली करतो."

नोकरी मिळाली नाही. ते सांगायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "कोटाबद्दल काही बोलले का?"

"नाही."

"म्हणजे मी पास झालो. तुझं राहिलं."

तेव्हापासून मी पदवीधर झाले. म्हणजे पदवी आधीच मिळाली होती, नाव त्यांनी दिलं. "काय पदवीधर, आज कोण मेलं?" असं विचारत, कारण मी वाचायचे त्या कादंबऱ्यांत बहुतेक कुणीतरी मरायचं. मी रोज सकाळी जायचे. दुसऱ्या स्टुलावर बसून वाचायचे. घरी माझ्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे. तिथे नाही. त्या खिडकीतून ऊन यायचं नाही, नुसता उजेड यायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा. म्हणजे त्या उजेडावर मीही जगत होते. हे नंतर कळलं.

खिडकीपलीकडे शेजारच्यांचं अंगण होतं. तिथे पूर्वी एक निवृत्त मास्तर राहायचे. ते वारल्यावर घर पुतण्याकडे आलं. पुतण्या वाईट नाही. सामान ठेवायला त्याला अंगणात मोठी खोली बांधायची होती. तिची भिंत काकांच्या खिडकीपासून हातभर अंतरावर येणार होती, आणि खिडकीच्या दुप्पट उंच.

"काका, बल्ब लावा ना," तो म्हणाला. "हल्ली दिवसासारखा पांढरा मिळतो."

"बल्बखाली काळा आणि गडद निळा एकच दिसतो रे."

"पण इतकं बघतं कोण?"

काकांनी त्याच्या कोपरांकडे बघितलं.

मग वकीलबाई आल्या. त्यांनी समजावलं ते असं: बत्तीस वर्षं कुणाला न विचारता, कुणी न अडवता उजेड घेतला असेल, तर त्यावर हक्क बसतो. दावा लावू. दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातील, म्हणून तोवर भिंत थांबवा असा अंतरिम हुकूम मागू. "तुमची हकीकत तुमच्या शब्दांत लिहून द्या," त्या म्हणाल्या. "एक पान पुरे. शपथपत्राला जोडते."

"माझ्या शब्दांनी पान भरायचं नाही," काका म्हणाले. "पदवीधर लिहील."

मी वही उघडली. ते काम करता करता सांगत होते.

"लिही. आधी खिडकी नव्हती. दारातला उजेड दुपारी संपायचा. एका रविवारी छिन्नी-हातोडा घेतला आणि भिंत फोडली. मास्तर अंगणात होते. मी काही विचारलं नाही, ते काही बोलले नाहीत. विटा पडत होत्या त्या त्यांनी उचलून कडेला रचल्या. संपलं."

"मग?" या वेळी मी विचारलं.

"मग काय. उजेड आला."

मला ते फार कोरडं वाटलं. न्यायाधीशांनाही वाचताना काही वाटायला हवं, असं वाटलं. घरी बसून मी तीन वेळा लिहिलं. शेवटी जमलं ते हे: 'माझे शेजारी कै. मास्तर यांच्या प्रेमळ परवानगीने मी ही खिडकी उघडली; जणू आपल्या अंगणातला उजेडच त्यांनी मला वाटून दिला.'

अर्धविरामाचं मला कौतुक होतं. ते खरं आहे म्हणून लिहिते.

काकांना मी सुवाच्य अक्षरात कागद दिला. दुसऱ्या दिवशी त्यावर सही होती. वकीलबाईंच्या टेबलावर त्या आठवड्यात कागदांचा ढीग होता. टायपिस्टने जसंच्या तसं टाइप केलं.

आदेश एका सोमवारी आला. वकीलबाई दुकानात येऊन स्टुलावर बसल्या, माझ्या स्टुलावर, आणि त्यांनी वाचून दाखवला. मी दाराला टेकून उभी होते. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की वादीने स्वतःच शपथेवर सांगितल्याप्रमाणे खिडकी शेजाऱ्याच्या 'प्रेमळ परवानगीने' उघडली गेली, उजेड शेजाऱ्याने 'वाटून दिला'. परवानगीने मिळालेल्या गोष्टीवर हक्क बसत नाही. दिलेली परवानगी काढूनही घेता येते. सबब भिंत थांबवण्याची विनंती नामंजूर.

माझं वाक्य दोन अवतरणचिन्हांत बसलं होतं. छापलेलं माझं पहिलं वाक्य.

"हे माझ्या नजरेतून सुटलं," वकीलबाई म्हणाल्या. "माझीही चूक आहे. पण हे वाक्य आलं कुठून? तुम्ही असं बोलत नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. अजिबात नाही. म्हणूनच मला कळलं.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "म्हणजे वाक्य माझं."

मी चपलेचा अंगठा बघत होते. तो जरा उसवला होता.

"अंतरिम आदेशावर सरळ अपील होत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आधी परवानगीचा अर्ज करायचा. चौदा दिवसांत. त्यात दोन गोष्टी दाखवायच्या. एक, निकालापर्यंत थांबलो तर भरून न येणारं नुकसान होईल. ती सोपी आहे, भिंत समोरच आहे. दुसरी, आदेशात चूक आहे. तिथे अडतं. न्यायाधीशांनी काय चूक केली? तुम्ही लिहिलं ते वाचलं."

"म्हणजे परवानगी लिहिली म्हणून बुडालो," काका म्हणाले, "आणि आता परवानगीच मागायची."

वकीलबाई हसल्या. आतून काकूही हसल्या. मी नाही.

वकीलबाई उठताना काकांनी त्यांचा काळा झगा हातात घेतला. खांद्याशी बोटभर फाटला होता, दाराच्या कडीत अडकून. "हा ठेवून जा. आमच्यातर्फे असा घालून उभ्या राहिलात तर माझी अब्रू जाईल."

"काळ्यावर काळं. दिसेल तुम्हाला?"

"अजून दिसतंय," ते म्हणाले.

नऊ दिवस मी बोलले नाही. रोज गेले. पुस्तक नेलं नाही. काकूंना भाजी निवडून दिली, काकांना चहा दिला, पेला पायाशी डावीकडे ठेवला. रोज सकाळी ठरवायचे की आज वकीलबाईंकडे जाऊन सांगायचं. मग वाटायचं, त्या विचारतील, एवढी शिकलेली मुलगी आणि एक पान धड लिहिता येत नाही? मला त्याची भीती होती. खिडकीची नव्हती. हेही खरं आहे म्हणून लिहिते.

भिंत रोज दोन थर चढत होती. गवंडी कामाला चोख होता. तिसऱ्या दिवशी ती कट्ट्याला लागली. सहाव्या दिवशी काकांनी स्टूल उचलून खिडकीला चिकटवलं. आठव्या दिवशी झगा गुडघ्यांवरून उचलून डोळ्यांजवळ धरलेला मी पहिल्यांदा बघितला.

"काय पदवीधर," ते म्हणाले, "हल्ली कुणी मरत नाही वाटतं."

नवव्या दिवशी मी वकीलबाईंच्या ऑफिसात गेले आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"नऊ दिवस?"

एवढंच. त्यानंतर त्यांनी मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कॅलेंडर बघितलं. "ठीक. तुमचं शपथपत्र करू की ते वाक्य तुमचं आहे, त्यांनी सांगितलेलं नव्हतं. आणि त्यांचं, की न वाचता सही केली. अर्ज उभा राहील. चला."

आम्ही दुकानात गेलो. मी काकांसमोर उभं राहून सगळं बोलले. ते ऐकत होते, सुई चालू होती.

"माहीत आहे की," ते म्हणाले. "मी काय 'जणू' म्हणणारा माणूस आहे?"

वकीलबाईंनी शपथपत्राचा मसुदा वाचायला घेतला. 'मी सदर कागद न वाचता...'

"थांबा. मी वाचलं होतं."

वकीलबाई थांबल्या. "कधी?"

"सही करायच्या आधी. दोनदा. हिला वाटतं मला येत नाही. हळू येतं, येत नाही असं नाही."

"मग चुकीचं लिहिलंय हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं. मास्तर आणि प्रेमळ?"

"खडूस होते मेले," काकू आतून म्हणाल्या.

"मग खोडलं का नाही?"

काकांनी सुई झग्यात टोचली आणि हात मांडीवर ठेवले. "माझ्यावर कुणी कधी काही लिहिलं नव्हतं. इतकं छान लिहिलं होतं पोरीने. वाटलं, असं झालं असतं तर बरं झालं असतं. आणि खोडलं असतं तर हिरमुसली असती."

मला तिथे बसवेना आणि उठवेना.

"न वाचता सही केली म्हटलं तर सोपं जातं," वकीलबाई हळू म्हणाल्या.

"पण वाचलं होतं."

"हो. ऐकलं मी."

"मग तसंच लिहा. वाचलं, खोटं आहे हे कळलं, आवडलं म्हणून सही केली."

"कोर्टाला आवडणार नाही."

"मला तरी कुठे आवडतंय." मग ते माझ्याकडे बघून हसले. "आणि हकीकत या वेळी मीच लिहितो. पदवीधर, तू राहू दे. धागा घरचाच बरा."

ते हसून म्हणाले. मी ते रोज ऐकते.

चौदाव्या दिवशी अर्ज दाखल झाला, माझ्या शपथपत्रासह. त्यावर मी सही केली तेव्हा एकही विशेषण नव्हतं. सुनावणीची तारीख दहा दिवसांनी, गुरुवारची मिळाली. काकांनी लिहिलेली हकीकत त्या आधी शपथेवर जोडायची होती. मास्तर हयात नाहीत. दुसरं कुणी त्या रविवारी अंगणात नव्हतं. विचारलं होतं की नव्हतं, हे सांगणारा माणूस जगात एकच होता, आणि अर्जाचा सगळा भार त्या एका गोष्टीवर होता.

पण उजेड आता दिवसाला तीन-चार तासच उरला होता. भिंत खिडकीच्या माथ्याला आली होती, वरून एक पट्टी तेवढी यायची. त्या पट्टीत काकांना दोन कामं करायची होती. त्यांनी क्रम ठरवला: आधी झगा, उरलेल्या वेळात कागद.

"उलट करा," मी म्हणाले. "झगा काय, दुसरा मिळेल."

"वकीलबाई फाटक्या झग्यात उभ्या राहून माझं खरं बोलणार?"

"तुमचं लिहून तरी होऊ दे."

"होईल. चार ओळी तर आहेत."

ते एक ओळ लिहीत, वाचत, पुढची लिहीत. अक्षर टाक्यांसारखं, बारीक आणि सुटं. पट्टी सरकून गेली की पेन खाली. मी एकदा दिवा लावायला गेले तर म्हणाले, "नको. अंदाजाने लिहून एकदा बघितलंय आपण." त्यांनी 'आपण' म्हटलं. 'तू' म्हटलं नाही.

सोमवारी झगा पुरा झाला. त्यांनी तो माझ्यासमोर पसरला. "शोध."

मी शोधला. खांदा, शिवण, उलटी बाजू. मला फाटलेली जागा माहीत होती तरी सापडली नाही.

"मग?" मी म्हटलं.

"मग आता कागद," ते म्हणाले आणि पट्टीत सरकले. मी काकूंना औषधं आणून द्यायला बाहेर गेले. परत आले तेव्हा पट्टी गेली होती आणि ते चहा पीत होते.

"झालं?"

ते कधीच 'झालं' म्हणत नसत. "उद्या," म्हणाले.

मंगळवारी सकाळी ते तोंड धुवायला उठले आणि मोरीच्या दाराशी खाली बसले. डॉक्टर म्हणाले, हृदय कित्येक वर्षांपासून थकलेलं होतं. काकू मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस. ते तुझ्यामुळे नाही गेले." मला ते माहीत आहे. हृदयाचं माझ्याकडे नाही. माझ्याकडे नऊ दिवस आहेत. त्यातल्या पहिल्या चार दिवसांत खिडकी जवळजवळ अख्खी उघडी होती, आणि चार ओळींना तेवढा उजेड फार झाला असता.

गुरुवारी मी कोर्टात होते. वकीलबाई झगा घालून उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की वादी मरण पावले, वारस म्हणून त्यांच्या पत्नीचं नाव लावायला वेळ हवा. न्यायाधीशांनी तीन आठवडे दिले. पुतण्याच्या वकिलांनी भिंत पूर्ण झाल्याचं नम्रपणे सांगितलं. पुतण्या मागे बसला होता, मान खाली घालून. मी सगळा वेळ त्या काळ्या खांद्याकडे बघत होते. सापडलं नाही.

बाहेर आल्यावर मी वकीलबाईंना कागद दाखवला. काकूंनी तो पट्टीच्या जागेवरून उचलून मला दिला होता. वकीलबाईंनी उभ्या उभ्या वाचला, परत वाचला आणि घडी करून माझ्या हातात ठेवला.

"हा जोडता येणार नाही," त्या म्हणाल्या. "शपथ नाही, सही नाही. आणि जोडला तर आपल्यावरच उलटेल. नीट बघा."

मी बघितला. आता रोज बघते. काकू दुकान उघडतात, दिवा लावतात, आणि मी स्टुलावर बसते. माझ्याकडे पेन आहे. तसलंच निळं, त्यांच्याच डब्यातलं. त्यांच्यासारखं बारीक, सुटं अक्षरही मला काढता येईल. एकच शब्द आहे. तो काय आहे हे मला माहीत आहे, त्यांनी मला सांगितला होता, आणि मी तो लिहिला नव्हता.

कागदावर हे आहे:

'दारातला उजेड दुपारपर्यंत टिकायचा. एका रविवारी मी भिंत फोडली. मास्तर अंगणात उभे होते. मी त्यांना विचारलं'

पुढे पूर्णविराम नाही. 'नाही' लिहायचं राहिलं.